प्लॉट घेऊन बांधायचं की तयार घर घ्यायचं? पहिल्यांदाच घर करणाऱ्यांसाठी

नाशिक, सातारा, सांगली, अहिल्यानगर अशा शहरांच्या कडेला किंवा तालुक्याच्या गावात घर करायचं म्हटलं की दोन वाटा समोर येतात. प्लॉट घेऊन मनासारखं बांधायचं, किंवा दहा-पंधरा वर्षं जुना बंगला नाहीतर रो-हाऊस घेऊन डागडुजी करायची. बहुतेक जण सुरुवात नकाशापासून करतात: हॉल केवढा, किचन कोणत्या दिशेला, देवघर कुठे. निर्णय मात्र तीन वेगळ्याच गोष्टींवर ठरतो. जमिनीचे कागद, हातातली रोख, आणि साइटवर रोज कोण उभं राहणार. या तीन गोष्टी ज्या क्रमाने तपासायच्या, त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे.

पायरी १: साइटवर कोण जाणार?

हा प्रश्न आधी, कारण याचं उत्तर फुकट मिळतं. बांधकाम सुरू असताना घरातलं कोणीतरी एक जण रोज तासभर आणि स्लॅबच्या दिवशी पूर्ण दिवस साइटवर हवं. नवरा-बायको दोघंही नोकरीला, साइट तीस किलोमीटरवर, आई-वडील गावाकडे अशी स्थिती असेल तर बांधण्याचा विचार पगारी देखरेखीसकटच करा. आठवड्यातून दोनदा येणारा स्वतंत्र इंजिनिअर हवा, ठेकेदाराने स्वतः आणलेला नव्हे. हा खर्च झेपत नसेल तर तयार घर बघा. लक्ष नसलेल्या साइटवर सिमेंट कमी पडतं आणि पाणी जास्त पडतं, आणि दोन्हीचा पत्ता चार-पाच वर्षांनी लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. प्लॉटचं खरेदीखत झाल्यापासून नकाशा आणि परवानगीत दोन ते चार महिने, हजार चौरस फुटांच्या तळमजल्याला नऊ-दहा महिने, मध्ये पावसाळा. एकूण वर्ष-सव्वा वर्ष धरा. मुलांची शाळा पुढच्या जूनपासून बदलायची असेल तर हे गणित आजच मांडा.

पायरी २: जमिनीचे कागद

दोन्ही वाटांवर ही पायरी सारखीच आहे, कारण तयार घरही कुठल्यातरी जमिनीवरच उभं आहे. जुनं घर बघताना लोक भिंती बघतात आणि जमीन विसरतात.

खालचे कागद मागा आणि वकिलाला दाखवण्याआधी स्वतः वाचा.

सातबारा उतारा, किंवा शहर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक. सातबाऱ्यावर आधी भूधारणा पद्धत बघा. भोगवटादार वर्ग १ असेल तर मालक विकायला मोकळा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि बहुतेकदा नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो. परवानगी हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मग ‘इतर हक्क’ हा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींची नावं, न्यायालयातल्या दाव्याची नोंद, सगळं इथे दिसतं. पुष्कळ जण वरची नावं वाचून उतारा घडी घालून ठेवतात आणि खरी अडचण याच रकान्यात राहते.

फेरफार उतारे, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी. सातबाऱ्यावर नावांखाली फेरफार क्रमांक असतात. ते सगळे काढा. वडिलांनंतर जमीन मुलांच्या नावावर आली असेल तर वारसनोंदीत मुलींची नावं आहेत का, आणि नसतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, हे तपासा. ‘बहिणींनी तोंडी सोडलं आहे’ या वाक्यावर व्यवहार करू नका.

बिनशेती आदेश आणि मंजूर लेआउट. ज्या लेआउटमध्ये प्लॉट आहे तो नगररचना खात्याने मंजूर केलेला हवा, आणि तुमचा प्लॉट क्रमांक त्या मंजूर नकाशावर दिसायला हवा. छापील ब्रोशरमधला नकाशा आणि शिक्क्याचा नकाशा शेजारी ठेवून बघा. मंजूर नकाशातली मोकळी जागा किंवा बारा मीटरचा रस्ता ब्रोशरमध्ये प्लॉट झालेला असू शकतो. सोबत झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. प्लॉटवर आरक्षण किंवा विकास आराखड्यातला रस्ता येत नाही ना, ते त्यावरून कळतं.

मोजणीची ‘क’ प्रत. भूमी अभिलेख खात्याची मोजणी हद्दी जागेवर दाखवते. दगड रोवलेले दिसतात म्हणून हद्द बरोबर असं समजू नका. मोजणीला वेळ लागतो, म्हणून विसार देतानाच ‘मोजणीत क्षेत्र कमी आल्यास किंमत त्या प्रमाणात कमी’ असं लिहून घ्या.

शेतजमिनीतले एक-दोन गुंठ्यांचे तुकडे स्वस्त मिळतात आणि नवख्या माणसाला त्याचाच मोह पडतो. (एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट.) अशा तुकड्यांना १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. मग विकणारा दहा-अकरा जणांना एकत्र करून सामाईक सातबारा देतो, किंवा नोटरी केलेल्या कागदावर ताबा देतो. सामाईक सातबाऱ्यात तुमचा तुकडा नेमका कोणता हे कुठेही नोंदलेलं नसतं. बांधकाम परवानगी अडते, बँक कर्ज देत नाही, पुढे विकताना गिऱ्हाईकही तेच प्रश्न विचारतं. नोटरी केलेल्या कागदाने तर मालकीच येत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं खरेदीखतच लागतं. गुंठेवारीची (अशी तुकडे पाडून विकलेली) जागा नियमित झाली असेल तर तो नियमितीकरणाचा दाखला आणि त्यासोबतचा नकाशा बघा, निव्वळ भरलेल्या शुल्काची पावती पुरत नाही.

तयार घरासाठी यात आणखी तीन कागद येतात: मंजूर बांधकाम नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण झालं, राहायला हरकत नाही असा दाखला). टेप घेऊन घर मोजा आणि मंजूर नकाशाशी ताडून बघा. बाजूच्या मोकळ्या जागेत काढलेली बाथरूम, गच्चीवर चढवलेली खोली, पार्किंगचं केलेलं दुकान नकाशात नसतं. बँकेचा मूल्यांकन करणारा तेवढा भाग किमतीत धरत नाही, आणि पाडण्याची नोटीस आली तर ती नव्या मालकाच्या हाती पडते. घरपट्टी नियमित भरली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लागते.

शेवटी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल (जुन्या नोंदी चाळून मालकीबद्दल दिलेला अहवाल) घ्या, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकतींसाठी पंधरा दिवस थांबा. या सगळ्याला पंचवीस-तीस हजार लागतात. संपूर्ण व्यवहारात यापेक्षा चांगल्या कामी लागणारा खर्च दुसरा नाही.

एक घरगुती अडचण इथेच बोलून घेऊ. प्लॉट वडिलांच्या नावावर आणि बांधणारा एक मुलगा, असं फार घरांत असतं. जमीन ज्याची, घरही कागदोपत्री त्याचंच. तुम्ही चाळीस लाख घालाल आणि उद्या तीन भावंडांत वाटणी होईल. संबंध गोड असतानाच बक्षीसपत्र किंवा वाटणीपत्र नोंदवून घ्या. मुलाच्या किंवा मुलीच्या नावे राहत्या जागेच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काची मोठी सवलत आहे.

पायरी ३: दोन रकाने, एकच कागद

‘वीस लाखांचा प्लॉट, बावीस लाखांचं बांधकाम, झालं बेचाळीस लाखांत घर’ हा हिशोब सगळीकडे ऐकू येतो. तो अपुरा आहे. पूर्ण हिशोब खाली मांडला आहे. दर उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमच्या गावचे दर घालून तोच तक्ता पुन्हा मांडा.

बांधण्याचा रकाना. ४० बाय ५० फुटांचा, म्हणजे २,००० चौरस फुटांचा प्लॉट, दर १,००० रुपये: २० लाख. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरून १ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, २० हजार. वकील, शोध आणि मोजणी ३० हजार. आर्किटेक्ट आणि आरसीसी डिझाइन करणारा इंजिनिअर मिळून बांधकामाच्या ४ टक्के, ८८ हजार. विकास शुल्क, छाननी शुल्क, कामगार उपकर वगैरे ८० हजार. हजार चौरस फुटांचं बांधकाम २,२०० रुपयांनी २२ लाख.

इथे बहुतेकांचा हिशोब थांबतो, पण ठेकेदाराच्या चौरस फुटाच्या दरात न बसणारी कामं पुढे उभी असतात. १८० फूट कंपाउंड, गेट, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, बोअर आणि मोटार, भोवतीची फरसबंदी, विजेचं मीटर, मुरुमाची भर. सगळं मिळून ६ लाख. अडीअडचणीला बांधकाम आणि या कामांच्या १० टक्के राखीव, २ लाख ८० हजार. बांधून होईपर्यंत चौदा महिन्यांचं भाडं दरमहा दहा हजारांनी १ लाख ४० हजार, आणि त्याच काळातलं कर्जाचं व्याज अंदाजे २ लाख. बेरीज सुमारे ५७ लाख ६० हजार.

तयार घराचा रकाना. त्याच भागात तेवढ्याच प्लॉटवरचा पंधरा वर्षं जुना बंगला ५० लाखांना. मुद्रांक शुल्क ६ टक्क्यांनी ३ लाख. नोंदणी फी ३० हजार, कारण तिथे तीच कमाल मर्यादा आहे. वकील २५ हजार, एजंटाची दलाली १ टक्का म्हणजे ५० हजार, इंजिनिअरची तपासणी १० हजार. वायरिंग, नळकाम, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, किचन ओटा आणि रंग मिळून ५ लाख. बेरीज सुमारे ५९ लाख १५ हजार.

दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले, आणि प्रत्यक्षातही पुष्कळदा असंच होतं. म्हणून ‘बांधलेलं स्वस्त पडतं’ हे गृहीत धरून निघू नका.

हिशोबातल्या काही गोष्टी लक्षात ठेवा. बांधताना मुद्रांक शुल्क प्लॉटच्या किमतीवरच लागतं, वर उभ्या राहणाऱ्या घरावर नाही. वरच्या उदाहरणात तिथेच १ लाख ८० हजार वाचले. महापालिका हद्दीत शुल्क साधारण ६ ते ७ टक्के पडतं, ग्रामपंचायत हद्दीत कमी. खरेदी फक्त स्त्रीच्या नावाने असेल तर राहत्या घराला १ टक्का सवलत मिळते. शुल्क ठरलेल्या किमतीवर किंवा वार्षिक मूल्यदर तक्त्यावर (रेडी रेकनर), जे जास्त असेल त्यावर लागतं. जुन्या घराच्या व्यवहाराला जीएसटी नाही. बिल्डरकडून काम चालू असताना घेतलं तर ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. स्वतःचं स्वतंत्र घर बांधताना निव्वळ मजुरीच्या ठेक्याला जीएसटी माफ आहे, मालासह ठेका दिला आणि ठेकेदाराने रीतसर बिल केलं तर १८ टक्के. आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. विकणारा परदेशी राहत असेल तर कपातीचा दर बराच वाढतो. तेव्हा सीएला विचारल्याशिवाय विसारही देऊ नका.

पायरी ४: पैसा कोणत्या दिवशी लागणार

एकूण रक्कम सारखी असली तरी ती लागण्याची वेळ वेगळी असते, आणि काम अडतं ते इथेच.

तयार घराला बँक एकदम पैसे देते, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच. ५० लाखांच्या घराला ४० लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि दुरुस्ती बँक सहसा धरत नाही. म्हणजे वरच्या उदाहरणात जवळपास १९ लाख रोख हाताशी हवेत, आणि तेही दोन-तीन महिन्यांत. शिवाय बँकेच्या मूल्यांकनात घर ४६ लाखांचं निघालं तर ८० टक्के त्या ४६ लाखांचे.

बांधण्याच्या कर्जात हप्ते कामाच्या टप्प्यांवर मिळतात: जोता, स्लॅब, वीटकाम, प्लॅस्टर, फिनिशिंग. टप्पा पूर्ण झाला की बँकेचा माणूस बघून जातो आणि मग पैसे येतात. म्हणजे प्रत्येक टप्पा आधी तुमच्या पैशाने उभा राहतो. स्लॅबच्या आधी सळई आणि सिमेंटचं बिल द्यायचं असतं, तेव्हा खात्यात पाच-सहा लाख नसले तर काम थांबतं, गवंडी दुसऱ्या साइटवर जातात आणि परत यायला महिना लावतात. प्लॉट आणि बांधकाम असं एकत्र कर्ज घेतलंत तर ठरावीक मुदतीत, बहुधा दोन-तीन वर्षांत, बांधकाम पूर्ण करण्याची अट असते; मंजुरीपत्रात ती शोधून वाचा.

ढोबळ सल्ला असा: रोख जास्त आणि वेळ कमी तर तयार घर. रोख थोडी थोडी येणार, सध्याचं भाडं कमी आणि प्लॉट आधीच घरचा असेल तर बांधा. प्लॉट घरचा असेल तर वरच्या हिशोबातले वीसेक लाख एका फटक्यात कमी होतात आणि तराजू सरळ बांधण्याकडे झुकतो.

पायरी ५: तयार घर तपासताना

घर पावसाळ्यात, जमल्यास मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी बघा. उन्हाळ्यात रंगवलेलं घर काहीच सांगत नाही. एकाच खोलीला ताजा रंग किंवा एकाच खोलीत पीओपीचं नवं छत असेल तर त्यावर काय आहे ते विचारा, आणि शक्य असेल तर गच्चीवरून तीच जागा बघा.

भिंतीच्या भेगा सगळ्या सारख्या नसतात. प्लॅस्टरवरच्या केसासारख्या बारीक जाळीने घाबरू नका. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेलेली भेग पाया खचल्याची खूण असते. काळ्या मातीच्या भागात हे फार दिसतं. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया मुरुमापर्यंत नेलेला नसला तर घर दरवर्षी थोडं हलतं. भेग तीन मिलिमीटरहून रुंद असेल तर इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नका.

कॉलम किंवा बीमवर सळईच्या रेषेत उभी-आडवी सरळ भेग, त्यातून तपकिरी डाग, ठोकल्यावर पोकळ आवाज: आतली सळई गंजली आहे. गंजलेली सळई फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलते. संडास-बाथरूमच्या खालचा स्लॅब आणि गॅलरीचा तळ ही याची पहिली ठिकाणं, किनारपट्टीवर तर सगळीकडेच. नुसतं प्लॅस्टर करून हे बरं होत नाही. असं दोन-तीन ठिकाणी दिसलं तर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणी (काँक्रीट न फोडता त्याची प्रत बघणारी) करून घ्या.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पापुद्रे सुटलेली, पांढरी मिठासारखी धूळ येणारी भिंत म्हणजे जोत्यातून वर चढणारी ओल. ती पूर्ण घालवणं अवघड आणि महाग. किंमत ठरवताना ती मोजा.

मग सगळे नळ एकदम सोडा आणि वरच्या बाथरूमचा दाब बघा. सेप्टिक टँक कुठे आहे ते दाखवायला सांगा. पुष्कळदा तो वाढवलेल्या खोलीखाली गेलेला असतो आणि उपसायला झाकणच उरत नाही. बोअरला एप्रिल-मेमध्ये पाणी असतं का हे शेजाऱ्यांना विचारा, घरमालकाला नाही.

‘पुढे वर मजला चढवू’ या हिशोबाने जुनं घर घेणाऱ्यांनी एकच कागद मागावा: आरसीसी डिझाइन. पाया किती मजल्यांसाठी आहे ते त्यातच असतं. घर भिंतींवर पेललेलं, म्हणजे कॉलमशिवायचं असेल तर वर मजल्याचा विचार सोडा. कोकणातली जुनी जांभ्या चिऱ्याची घरं बहुतेक याच प्रकारची. तशी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, पण त्यांच्यावर वरून नवा स्लॅब लादू नये.

बिल्डरचं नवं रो-हाऊस म्हणजे स्वतः बांधणं आणि जुनं घर घेणं या दोन्हींच्या मधली वाट. तिथे महारेरा नोंदणी क्रमांक बघा. नोंदणीकृत प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. मात्र जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नसते. एका प्लॉटवर तीन-चार रो-हाऊस बांधून विकणाऱ्याकडून घेताना दोष दुरुस्तीची अट करारनाम्यातच लिहून घ्यावी.

पायरी ६: बांधायचं ठरलं तर

प्लॉट घेण्याआधीच आर्किटेक्टकडून एक ओळ लिहून घ्या: इथे प्रत्यक्ष किती बांधता येईल? समजा ४० बाय ५० च्या प्लॉटला समोर ३ मीटर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी दीड मीटर सोडायला लागले, तर तळमजल्याला हजार-साडेदहाशे चौरस फूट उरतात, त्यातच जिना. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागात २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. सोडायची जागा रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या आकारावर ठरते. कोपऱ्याचा प्लॉट दिसायला देखणा असतो, पण दोन रस्त्यांकडून जागा सुटते.

दिवाळीनंतर पाया, मार्चअखेर स्लॅब, मेअखेर बाहेरचं प्लॅस्टर, पावसाळ्यात आतली कामं आणि पुढच्या दिवाळीत वास्तुशांत, हे वेळापत्रक सोयीचं. पहिल्या पावसात गच्ची गळते का तेही राहायला जाण्याआधी कळतं. उशीर झाला तर निदान जोत्यापर्यंत काम आणून भर टाका आणि पावसाळा त्यावरून जाऊ द्या. भर चांगली दबते आणि फरशी पुढे खचत नाही.

ठेका मजुरीचा द्यावा की मालासह? साइटवर रोज माणूस असेल तर मजुरीचा, नसेल तर मालासह. मालासह देताना सिमेंट आणि सळईची कंपनी, सळईची प्रत (एफई ५०० डी), विटा की ब्लॉक, फरशीचा चौरस फुटाचा दर, दारं, वायर, नळ सगळं करारात हवं. ‘चांगल्या प्रतीचं’ हा शब्द करारात आला की भांडण पुढे ठेवलंच. क्षेत्र कसं मोजणार हेही लिहा. छज्जे, जिना, गॅलरी, पोर्च पूर्ण धरायचे की निम्मे? यावरून शंभर-दीडशे चौरस फुटांचा, म्हणजे दोन-तीन लाखांचा वाद होतो. पैसे कामाच्या मागे ठेवा, पुढे नाही. शेवटचे ५ टक्के एक पावसाळा जाईपर्यंत रोखून धरायची अट घाला.

मालाचा ढोबळ ताळा जवळ ठेवा. हजार चौरस फुटांच्या साध्या आरसीसी घराला सिमेंटच्या ४०० ते ४५० गोण्या आणि साडेतीन ते चार टन सळई लागते. आकडा याच्या फार खाली किंवा फार वर गेला तर इंजिनिअरला कारण विचारा.

स्लॅबचा दिवस मात्र नीट समजून घ्या, कारण त्या दिवशीची चूक पुढे सुधारता येत नाही. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे ११.८ घनमीटर काँक्रीट. एम-२० प्रतीला घनमीटरला आठ गोण्या धरल्या तर नुसत्या स्लॅबला ९५ च्या आसपास, बीमचे वेगळे. रिकाम्या गोण्या स्वतः मोजून घ्या. साठ-सत्तरच भरल्या तर तिथेच बोला.

काँक्रीट ओतण्याआधी इंजिनिअरने सळई तपासून सही केलेली हवी. जाळीखाली कव्हर ब्लॉक (सळईला साच्यापासून दूर ठेवणारे छोटे ठोकळे) हवेत: स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०. दगडाच्या कपच्या घालून चालवतात, त्या सरकतात आणि सळई सेंट्रिंगला (काँक्रीट पेलणाऱ्या तात्पुरत्या साच्याला) टेकते. पुढे तीच गंजते. कॉलमच्या रिंगांची टोकं काटकोनात न वाकवता आत, १३५ अंशांत वळवलेली हवीत. भूकंपात काटकोनातली रिंग उघडते. कोयना परिसरात, म्हणजे सातारा आणि पाटणच्या बाजूला, यात तडजोड नको.

मिक्सरपाशी एका माणसाने फक्त पाण्यावर लक्ष ठेवावं. ५० किलोच्या गोणीला ३० लिटरच्या वर पाणी नको, वाळू ओली असेल तर २५ च्या आसपास. काँक्रीट पातळ असलं की पसरायला सोपं जातं, म्हणून मजूर पाणी वाढवतात. तेच जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, बारीक पोकळ्या उरतात आणि गळती तिथूनच सुरू होते. व्हायब्रेटर दोन ठेवा. एक बंद पडतोच. बोअरचं पाणी खारट असेल तर आधी तपासून घ्या. क्लोराईड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर सळईच्या कामाला ते पाणी नको.

दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, किमान सात दिवस, उन्हाळ्यात दहा ते चौदा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा आणि त्यापुढे एकवीस. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात म्हणून तो घाई करतो. भाडं वाढलं तरी चालेल, टेकू काढू देऊ नका.

जोत्यापर्यंत काम आलं की जोता तपासणीचा दाखला आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र घ्या. राहायला गेल्यावर हे दुसरं काम मागे पडतं आणि घर विकताना किंवा त्यावर कर्ज काढताना दहा वर्षांनी ते आठवतं. तेव्हा आर्किटेक्ट बदललेला असतो आणि नियमही.

विसार देण्याच्या दिवशी

कोणतीही वाट निवडलीत तरी विसाराची रक्कम शक्य तितकी कमी आणि चेकने द्या. कागद स्वच्छ न निघाल्यास आणि बँकेने जागेच्या कागदांवरून कर्ज नाकारल्यास विसार किती दिवसांत परत, हे विसार पावतीवर लिहून घ्या. जुन्या घरावर विकणाऱ्याचं कर्ज असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. तुमच्या बँकेचा चेक थेट त्या कर्ज खात्यात जाईल आणि मूळ कागद तुमच्या बँकेच्या हाती येतील अशी व्यवस्था दोन्ही शाखांकडून लेखी घ्या.

खरेदीखतानंतर फेरफाराची नोंद होते आणि हरकतींसाठी पंधरा दिवस ठेवून मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. ती मंजूर झाली का हे स्वतः ऑनलाइन बघत राहा. त्रुटी निघाली तर नोंद नामंजूर होऊन तशीच पडून राहते. त्याच महिन्यात घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजमीटर नावावर करून घ्या, आणि खरेदीखताच्या तारखेपर्यंतची सगळी बिलं विकणाऱ्याकडून भरून त्याच्या पावत्या फाइलला लावा.